पटेलचा धुरा

"थयली दाखव, गोप्या."

"काश्या, मले वयखत नाही काय तू?"

"वयखतो म्हणून तं म्हणतो. दाखव."

गोपीनाथ हसला. त्याला वाटलं मस्करी आहे. मागून फिरायला येणारे पाच-सहा म्हातारे धुऱ्यावर, शेताच्या अरुंद बांधावर, अडकून उभे राहिले. त्यांच्यात भालचंद्र जोगळेकर होते, मूळ पुण्याचे, कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "काय हो काशिनाथराव, काल माझा रुमाल सोडायला लावलात. आज गाववाला आला तर कायदा छुट्टीवर गेला का?"

काशिनाथनं हात पुढं केला. गोपीनाथचं हसू गेलं.

दोघं दारव्ह्याकडचे, एकाच गावचे. भोपाळला कारखान्यात बरोबर लागले, एकाच पाळीत भट्टीसमोर घाम गाळला. गोपीनाथला बरखेड्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं, त्यानं बायकोला, शशिकलाला आणलं. काशिनाथनं लग्न केलं नाही. का नाही, ते कुणी विचारलं नाही अन् त्यानं सांगितलं नाही. जेवायला मात्र तो शशिकलाच्या हातचंच जेवला. तिच्या चुलीशी फरशीवर फतकल मारायची, अन् ती वाढेल ते खायचं. "भाऊजी, पोटात कोठार हाय काय तुमच्या?" असं ती म्हणायची, अन् वर आणखी एक भाकर टाकायची.

नोकरी संपली तशी क्वार्टर गेली. गोपीनाथ गोविंदपुऱ्याकडं पोराच्या, अरविंदच्या घरी राहायला गेला. काशिनाथनं वसाहतीमागच्या पटेलच्या शेतात राखण धरली. विहिरीशी टिनाची खोली, तेच घर. या शेताच्या धुऱ्यावरून नाल्यापलीकडच्या मारुतीला पायवाट जाते. दुसरा रस्ता आहे, पण तो ट्रकांचा. म्हणून कारखान्यातले म्हातारे सकाळी धुऱ्यावरूनच यायचे. गोपीनाथ जरा थांबायचा, दोघं एक-एक बिडी ओढायचे, गावाकडचं बोलायचे. काशिनाथचं दिवसभरात माणसाशी बोलणं म्हणाल तर एवढंच.

पटेलनं दोन वर्षं कुणाला अडवलं नाही. पण लोकांचे पाय धुरा सोडून पिकात पडू लागले. कुणी कुत्रं मोकळं सोडलं, कुणी बाटल्या फेकल्या, अन् हरभरा घाट्यावर आला तसे सगळ्यांचे हात लांब झाले. मूठ-मूठच घेतला म्हणे प्रत्येकानं. कडेचे चार तास, पिकाच्या चार अख्ख्या ओळी, उघडे पडले. पटेल वाट बंद करायला तारेचं बंडल घेऊनच आला. त्याचं काही खोटं नव्हतं.

काशिनाथ आडवा आला. आमच्या गावाकडं वाटसरानं शेतात बसून पोटभर खावं, कुणी बोलत नाही. पण फडक्यात बांधून घरी न्यायचं नाही. हेच त्यानं पटेलला सांगितलं. मेरे लोग हैं, मैं देखता, म्हणाला. पटेल म्हणाला, "ठीक है काका, तुम्हारी जबान पर छोड़ता हूँ. लेकिन एक भी पोटली बाहर गई, तो तार लगेगा."

तर ही ती थैली होती.

गोपीनाथनं ती धुऱ्यावर उलटी केली. मुळासकट उपटलेला हरभरा पडला, हिरवागार, माती लागलेला.  गोपीनाथनं थैली झटकली, घडी केली, खिशात घातली अन् मारुतीला न जाता माघारी फिरला.

तार लागली नाही. वाट सुरू राहिली. लोक हात खिशात घालून जाऊ लागले. गोपीनाथ तेवढा आला नाही.

शशिकला लकव्यानं अंथरुणाला खिळलेली होती, हे काशिनाथला माहीत होतं. तिनं खाणं सोडलं होतं, हे माहीत नव्हतं. ते जोगळेकरांनी आणून सांगितलं, तेव्हा ती जाऊन तिचा तिसरा दिवसही झाला होता.

"सोलेभात मागितला म्हणे त्यांनी, तो ओल्या हरभऱ्याचा, थैलीच्या आदल्या रात्री. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अरविंद हबीबगंजच्या बाजारातून घाटे घेऊन आला. पण तोवर घास उतरेना." जोगळेकरांनी चष्मा काढला. "मी उगीच बोललो हो त्या दिवशी."

"तुमी नसते बोलले तरी म्या पाह्यलीच असती," काशिनाथ म्हणाला. मग, "बोलाले काय झालं होतं त्याले? एक शब्द बोलला असता तं पुरा तास उपटून देला असता म्या. पटेलले सांगून देला असता."

त्या दुपारी तो गोविंदपुऱ्याला गेला. गोपीनाथनं त्याला पुढच्या खोलीत खुर्ची दिली. सुनेनं चहा आणला. ऊन वाढलं, पंखा आवाज करतो, असलं बोलणं झालं. थैलीचं कुणी काढलं नाही. आतल्या खोलीकडं काशिनाथचं पाहायचं धाडस झालं नाही. निघताना गोपीनाथ दारापर्यंत आला, "सांभायून जा" म्हणाला.

फाल्गुनात हरभरा वाळला, सोंगणी लागली. काशिनाथच्या पाठीमागं मजूर बाया वाकून तास धरत होत्या. ट्रकांच्या रस्त्यानं गोपीनाथ मारुतीला निघालेला दिसला, कडेकडेनं, हातात काठी. एक ट्रक त्याला घासून गेला तशी त्याची टोपी उडाली. ती उचलायला त्याला वेळ लागला.

काशिनाथ धुऱ्यापर्यंत गेला. हाक मारायला तोंड उघडलं, पण एवढ्या लांब आवाज पोचला नसता. पोचला असता तरी.

"ओ काका, पेंढ्या कौन बाँधेगा?" मागून एक बाई ओरडली.

"येतो ना, आता हूँ," तो म्हणाला. विळा कमरेला खोचला अन् पेंढ्यांकडं वळला.