हँडलवाली पेटी आणि काकांचा लांब सूर

बंद पडलेल्या वाजणाऱ्या वस्तू उघडून बसणं हा माझा छंद. चावीच्या संगीतपेट्या, ग्रामोफोन, असलं काहीही. गेल्या वर्षी मात्र मी एक यंत्र स्वतःच बांधलं. मोडक्या बाजाच्या पेटीतल्या सूर देणाऱ्या पितळी पात्या आणि भाता काढून घेतला, बाजूला हँडल लावलं. हँडल फिरवलं की भाता हलतो आणि भोकं पाडलेली जाड कागदाची पट्टी पुढे सरकते. भोक आलं की सूर वाजतो. भोक लांब, तर सूर लांब. पट्टीवर मी गणपतीच्या आरत्या कापल्या.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आरती म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका. शेवटच्या आरतीत एक शब्द दम संपेपर्यंत ताणायचा असतो. तिथे एकेक जण गळत जातो आणि काका एकटे उरतात. मग सगळ्यांकडे असे बघतात, की जणू गड जिंकला. एरवी वर्षभर त्यांना कोणी विचारत नाही. मीटिंगमध्ये ते बोलायला लागले की लोक चहाला उठतात.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी ते केलं. कारण पेटी पहिल्यांदा दाखवली तेव्हा काका वाकून खाली बघत म्हणाले होते, "वाजतंय ठीक. पीठ कुठून पडतं?"

सगळे हसले. मी घरी जाऊन त्या शब्दाचं भोक वीतभर वाढवलं.

दुसऱ्या दिवशी आरतीत तो शब्द आला. बाकीचे गळले. उरले काका आणि माझी पेटी. काकांचे कान लाल झाले, टाळ्या थांबल्या, शेवटी सुराचा खोकला झाला. पेटी शांतपणे वाजतच राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, चार्जिंग संपलं का?"

"काय हो, एवढा लांब?" काकांनी मला विचारलं.

"मी काय करणार काका? कागदात आहे तसं वाजतं. मी नुसतं हँडल फिरवतो."

साफ खोटं. भोक मीच वाढवलं होतं, आणि वर तिथे हातही मुद्दाम हळू केला होता. हात हळू केला की कागद हळू सरकतो, सूर आणखी लांबतो.

"अहो, त्यांच्याकडे तेवढं एकच होतं," बायको घरी म्हणाली.

"गंमत केली गं."

"गंमत तुम्ही केलीत. हसले त्यांना."

पुढच्या आरतीला काका आलेच नाहीत. त्यांच्या नेहमीच्या जागेवर कोणी उभंही राहिलं नाही. मी प्रसादाची खिरापत न खाताच बाजूला ठेवली. तसाच पेटी काखेत मारून त्यांच्या दारात गेलो आणि सगळं सांगून टाकलं, भोकाचं आणि हाताचंही.

काकांनी पेटी पुढ्यात ओढली. त्यांनी हँडल भरभर फिरवून पाहिलं, मग अगदी सावकाश.

"म्हणजे सूर किती लांबवायचा, ते फिरवणाऱ्याच्या हातात."

"हो."

"मग मी चुकीच्या बाजूला उभा होतो."

"भोकावर कागद चिकटवून देतो काका. पूर्वीसारखं होईल."

"असू द्या. चांगलं पडलंय."

दुसऱ्या दिवशी काका सगळ्यांच्या आधी हजर. सरळ पेटीमागे जाऊन उभे राहिले. "आज तुम्ही म्हणा," मला म्हणाले. "मी नुसतं हँडल फिरवतो."

तो शब्द आला. काकांनी माझ्याकडे बघत हात हळू केला. मग आणखी हळू. बाकीचे थांबले, मला मात्र लाजेखातर थांबता येईना. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी जोरात खोकलो. लोक मनसोक्त हसले. तेव्हा कुठे काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि पेटीच्या सुरात सूर मिळवला. भोक संपलं, पेटी गप्प झाली. काका चालूच.

नंतर मी खिरापत वाटत होतो. काकांनी हात पुढे केला.

"पुढच्या वर्षी जरा लांब कापा," ते म्हणाले. "हे पुरत नाही."