पिसाटरावाची तबकडी

घमेल्यात काळा लगदा रटरटतो आहे, त्यावर पिवळ्या कागदाचा गोल तुकडा कडेकडेने करपत गुंडाळला जातो आहे, आणि चुलीपाशी उकिडवे बसलेले मोठेबाबा काडीने तो लगदा ढवळता ढवळता राखेतच तंबाखूची पिंक टाकताहेत... आलापल्लीच्या आमच्या घराची आठवण काढली की आधी हे चित्र येतं, आणि मागोमाग तो वास — जळक्या लाखेचा, काजळीचा, थुंकीचा. शी! अजूनही जत्रेत लाखेच्या बांगड्यांचं दुकान दिसलं की मी नाकाला पदर लावून पलीकडून जाते.

त्या घमेल्यात आमचे वादक जळत होते. पन्नास सालानंतरचे ते दिवस. बाबा लाकूड डेपोत कारकून; त्यांच्या सदऱ्याला कायम सागाच्या ओल्या भुशाचा वास. डेपोवरचे एक अँग्लो-इंडियन साहेब कायमचे निघून जाताना बाबांना चावीचा ग्रामोफोन आणि जॅझच्या मूठभर तबकड्या देऊन गेले. तबकड्यांवरची इंग्रजी नावं मला कुठून वाचता येणार? म्हणून वादकांचं बारसं मीच केलं.

पहिला दुलईवाला, मधोमध पिवळा गोल कागद चिकटवलेल्या तबकडीवरचा. श्रावणातल्या दुपारी, अंगणात भिजल्या पाचोळ्याचा दर्प दाटलेला असताना, त्याची क्लॅरिनेट इतकी हळुवार, इतकी निवांत यायची की बाबांचे डोळे आपोआप मिटत. तो त्यांचा लाडका. दुसरा खोकल्या — ट्रम्पेट फुंकता फुंकता मध्येच घोगऱ्या गळ्याने गाणारा. आई त्याला नाकं मुरडायची, पण तांदूळ निवडताना तिचा पाय मात्र त्याच्याच ठेक्यावर हलायचा. आणि तिसरा पिसाटराव! त्याचा सॅक्सोफोन सुराच्या मागे धावायचा, तो हाती लागला की मोडायचा, फेकून द्यायचा, पुन्हा दुसऱ्याच्या मागे... पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अक्षरशः मळमळलं. अजून किळस येते का हे पाहायला मी पुन्हापुन्हा लावत राहिले, आणि एका दुपारी ध्यानात आलं की किळस कधीच गेली, आता मी त्याची वाट पाहते आहे.

बाबा मात्र तो सुरू झाला की लगेच सुई उचलत. "मले नाई कळत बा तुझं हे पिसाट," म्हणत. मी रुसले तेव्हा एकदा म्हणाले, "बरं, आता जंगलातल्या दौऱ्याहून आलो का पुरी ऐकीन. मंग तं झालं?" मला तेवढंच हवं होतं. माझी आवड बाबांनी एकदा शेवटपर्यंत ऐकावी.

पिसाटराव आवडणारं दुसरं माणूस म्हणजे माझी मैत्रीण सोमी, पलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची. तबकडीच्या रेघांवरून बोट फिरवत ती विचारायची, "गाणं कुठी बसलं हाये यात?" एक दिवस तिने ती घरीच मागितली. आई हसली. "वाजवाले यंत्र नाई, अन् नेते कायले वं?"

"राहू दे ना बाई चार दिस आमच्या घरी," सोमी म्हणाली, आणि सागाच्या पानांत गुंडाळून तबकडी घेऊन गेली.

त्याच आठवड्यात सावली गावाहून बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, आले. धानकापणी तोंडावर आली होती आणि त्यांना नव्या विळ्यांना मुठी बसवायच्या होत्या. आमच्याकडे मुठीच्या भोकात वितळलेली लाख ओतून त्यात पातं रोवतात. मोठेबाबा जेवताना मचमच करीत, झाडूच्या काडीने दात कोरीत, ढेकर देत आणि सगळं घर त्यांच्यापुढे हात जोडून उभं. त्यांना कौतुकाने ग्रामोफोन दाखवत बाबा म्हणाले, "भाऊ, या तबकड्या लाखेच्या असते. आपल्याच पळसावरची लाख!" एवढं बोलून बिचारे दौऱ्यावर गेले. मोठेबाबांनी त्यातलं 'लाख' तेवढं ऐकलं.

मी किंचाळले तेव्हा ते म्हणाले, "घरात आयती लाख पडून हाये, मंग बजारातून आणू काऊन?" भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बाईने तोंड उघडायची रीत नव्हती. आई पदर ओढून दाराआड उभी राहिली, बस्स.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा परतले. घमेल्याकडे पाहिलं, करपलेला पिवळा कागद उचलून खिशात ठेवला, आणि म्हणाले, "बरं केलं भाऊ. खरखरच करत होत्या त्या."

मोठेबाबांची किळस मला होतीच. त्या क्षणी बाबांची आली. तोंडात आंबट पाणी आलं, ते अंगणात थुंकून मी टोल्यावर धावत सुटले. सोमीला तबकडीसकट ओढत घरी आणली, चावी भरली आणि सुई टेकवली.

पिसाटराव किंचाळत सुटला. मोठेबाबा खेकसले, "बंद कर वं ते! डुक्कर मारून राह्यले का घरात?" बाबांचा हात सवयीने सुईकडे गेला. तिथेच थबकला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"संपू द्या, भाऊ."

कपाळाला आठ्या घालून, ओठ आवळून बाबा ऐकत राहिले. त्यांना एक सूरही आवडला नव्हता, हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. संपल्यावर त्यांनी स्वतः चावी भरली आणि तबकडी उलटी करून लावली.

मोठेबाबा सकाळीच विळे घेऊन गेले. तबकडीच्या लाखेत दगडाची पूड असते. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरल्याबरोबर मुठी निखळल्या. त्यावर त्यांचा निरोप काय, तर तुमच्या घरची लाखच खोटी! आणि बाबा? पुढच्या दिवाळीला पुन्हा त्यांच्या पायाशी वाकले, जन्मभर वाकत राहिले. मला ते कधी बघवलं नाही.

आता बाबा नाहीत. सोमी आली की आम्ही दोघी म्हाताऱ्या ती तबकडी लावतो. सुरांपेक्षा खरखरच जास्त येते... नातवंडं कानांवर हात ठेवतात, त्यातलं एखादं वैतागून सुई उचलायला जातं.

"संपू द्या," मी म्हणते.