पेटीबुवांची शेवटची बारी

बुवांच्या शेवटच्या बारीत, गजर रंगात आला असताना, भरल्या मंडपात मी उठून गायलो. मला गाता येत नाही. हे मला ठाऊक होतं, माझ्या घरच्यांना ठाऊक होतं आणि बुवांना तर सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक होतं.

आचऱ्याच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान. खरं नाव पाटीवर होतं, पण ते वाचायची कुणाला गरज पडली नाही. सगळे पेटीबुवाच म्हणत. पेटी वाजवत गाणारे बुवा आमच्याकडे गावोगाव आहेत. बाकीचे गाताना लोकांकडे बघतात, नाहीतर स्वतःच्या बोटांकडे. आमचे बुवा डोळे मिटून मान डावीकडे कलती करत, शेजारी बसलेल्या कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. गाणारा माणूस इतकं ऐकतो, हे मी दुसरीकडे पाहिलं नाही.

चाली त्यांना शिलाई मशीनवर सुचत. पाय चालू लागला की तोंडाने गुणगुणणं सुरू. चाल अवघड असली तर गिऱ्हाइकाचं काही खरं नसे. माझ्या एका शर्टाला त्यांनी खिसा उजवीकडे लावला. मी तक्रार केली तर म्हणाले, "त्या दिवशी चाल काय बरी बसली मरे. तू खिसो काय घेवन बसलंस?" मी तो शर्ट झिजेपर्यंत वापरला. कुणी खिशाबद्दल विचारलं, तर बुवांनी मुद्दाम लावलाय असं अभिमानाने सांगायचो. भक्त म्हणतात तो असाच असतो.

डबलबारी म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्यात सांगायला नको; पण मुंबईत वाढलेल्या भाच्याला सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगतो. एका मंचावर दोन बुवा. दोघांची स्वतंत्र पेटी, पखवाज, झांज आणि मागे साथीला कोरस. एकाने अभंग गायचा, मध्येच दुसऱ्याला प्रश्न टाकायचा, जमलं तर चिमटा काढायचा. दुसऱ्याने त्याला गाऊनच उत्तर द्यायचं. शेवटी गजर. देवाचं नाव, चढत जाणारी लय, बुवांनी ओळ टाकायची आणि कोरसने झेलायची. बुवांनी ओळ टाकल्याशिवाय कोरस तोंड उघडत नाही. बुवांच्या तोंडची ओळ त्यांच्याच साथीदाराने आधी उचलली, तर बुवा हरले असं लोक धरतात.

बुवांची बारी जिथे असेल तिथे मी. सावंतवाडी झाली, दोडामार्ग झालं. दोडामार्गला तर मी एक दिवस आधीच पोचलो होतो. देवळात पुजारी आणि एक मांजर. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत बसलो. बुवांनी मंचावरून ओळखलं आणि माइकवर सांगितलं, "हो माझो माणूस. ह्येका जेवण विचारा, कालपासून आसा."

एकदा मला पेटी शिकायची हुक्की आली. थोडे दिवस त्यांनी मुकाट्याने सोसलं. मग एका संध्याकाळी माझी बोटं पट्ट्यांवरून हळूच उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "तू आयक रे," म्हणाले. "आयकणारो पण कोण तरी व्हयो." ते मला लागलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे.

मग त्यांचा आवाज बसायला लागला. आधी पावसामुळे, मग थंडीमुळे, मग कशामुळेच नाही. गोव्याच्या डॉक्टरांना दाखवून आले आणि बुवांनी ते लपवलं वगैरे नाही. दुकानात येईल त्याला माप घेता घेता सांगत होते. "गळ्यात गाठ आसा. काढूक व्हयी. काढल्यार आवाज र्‍हवाचो नाय." आणि लगेच, "हात वर कर, बगल घट्ट होतली."

ऑपरेशनच्या आधी आमच्या देवळाची जत्रा होती आणि जत्रेची बारी त्यांनी आधीच घेतलेली. डॉक्टरांनी गाऊ नका म्हणून सांगितलं होतं. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. बुवांचं एकच म्हणणं, "गजर पुरो करून उठाचा आसा माका. मगे काय कापूचा तां कापूंदेत."

समोर सावंतवाडीकडचा तरुण बुवा होता. पोरगा गुणी. मंचावर चढण्याआधी तो बुवांच्या पाया पडला, तेव्हा मी तिथेच घुटमळत होतो. बुवा त्याला म्हणाले, "माका सांभाळून घेव नको हां. तसा केलंस तर पेटी बंद करून घराक जातलंय." त्याने मान डोलवली आणि शब्द पाळला. पहिल्याच फेरीत त्याने असा प्रश्न टाकला की आमच्या बाजूचे लोक चिडले. बुवा खूश झाले.

मंडपात सगळ्यांना सगळं माहीत होतं. एरवी बारीत शिट्ट्या असतात, भज्यांच्या गाडीवरचा गलका असतो, दोन्ही बाजूंच्या माणसांची आपसात लागलेली असते. त्या रात्री भजीवाला कढई उतरवून मंडपाच्या कडेला येऊन उभा राहिला. बुवांनी पट्टी बरीच खाली घेतली होती. खालच्या पट्टीत ते जे गायले, ते मला नीट सांगता येणार नाही. आवाज खरखरत होता. जिथे तो पुरत नव्हता तिथे ते बळजबरी करत नव्हते, थांबत होते आणि पेटीला पुढे जाऊ देत होते. काकी बायकांमध्ये अगदी शेवटी बसल्या होत्या. त्यांनी मंचाकडे पाठ केली होती.

गजर सुरू झाला. पहिली लय गेली, दुसरी गेली. तिसऱ्या चढाला बुवांनी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. ओठ हलत होते, बोटं पट्ट्यांवर चालत होती, पखवाजावर दाजी घाम गाळत ठेका धरून होता. कोरस बुवांच्या तोंडाकडे बघत होता. कोण उचलणार? कोरसने उचलली तर बुवा हरले. समोरच्या पोराने उचलली तर बारी त्याची झाली. त्या पोराने दोन्ही हात मांडीवर गच्च धरले होते. मंडपभर नुसती पेटी आणि पखवाज.

आणि मी उठलो. का, ते विचारू नका. घसा न खाकरता, डोळे मिटून, मी ओळ टाकली. ती बुवांच्या पट्टीत नव्हती. तरुण बुवाच्या पट्टीतही नव्हती. ज्या सुरात मी गायलो तो त्या मंचावर कुणाकडेच नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने वळून माझ्याकडे असं पाहिलं की माझा आवाज आणखी वर गेला.

बुवांची मान डावीकडे कलली. बोटं दचकली, एक पट्टी चाचपली, सोडली, दुसरी चाचपली. मग अख्खा गजर उचलून त्यांनी माझ्यापाशी आणला. एवढा बेसूर माणूस, पण पेटी त्याच्याखाली येऊन उभी राहिली आणि ऐकणाऱ्याला वाटलं, इथेच तर जायचं होतं. ओळ मंडपातून आली होती, बुवांच्या साथीदारांकडून नाही. आणि पेटीने ती घेतली होती. एवढं कोरसला पुरलं. कोरस उठला, मग मंडप उठला, मग समोरचा तरुण बुवाही स्वतःची पेटी बाजूला सारून टाळ्या वाजवत गाऊ लागला. माझा आवाज त्यात कुठल्या कुठे बुडाला, ही देवाची कृपा. लय चढत गेली ती बुवांच्या बोटांनी. थांबवली तीही त्यांनीच, जिथे थांबवायची तिथे. गजर पुरा झाला होता. काकींनी तोंड मंचाकडे वळवलं होतं आणि त्या गात होत्या.

नंतर मी मंचामागे गेलो. बुवा भिंतीला टेकून कोमट पाणी पीत होते. मला जवळ ओढून कानाशी कुजबुजले, "खयची पट्टी रे ती?" त्यांच्या गळ्यातून मी ऐकलेलं शेवटचं वाक्य हेच.

ऑपरेशन झालं. बुवा घरी आले, दुकानही उघडलं. मापं खुणेने घेत. गिऱ्हाईक नसलं की पेटी पुढे ओढत. मी बाकावर बसून ऐकायचो. आम्ही दोघेही बोलत नसू, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. काही वर्षांनी गाठ परत आली आणि ह्या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही.

त्यांच्या बाराव्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याच अंगणात भजन झालं. पेटी मध्ये ठेवली होती, वाजवायला कुणी बसलं नाही. गजर लागला, लय चढली. मी उठलो, तोंड उघडलं. दाजीने ठेका न मोडता माझ्या धोतराचा सोगा धरून मला खाली बसवलं.

"गप बस," तो म्हणाला. "तुका सावरून घेवक आता पेटीर कोण नाय."