खाडीकाठची सकाळची पंगत

जानेवारी १९८४, रविवारची सकाळ. हजर: मी, आमचे हे, सासूबाई आणि कोल्हापूरला दिलेल्या यांच्या आत्याबाई.

आत्याबाईंना लहानपणी पाहिलेलं, वाळूच्या दांड्यामागचं खाडीतलं तळं पुन्हा बघायचं होतं. दुपारच्या एस.टी.नं त्या परत जाणार होत्या. ते पाणी गावानं देवाच्या नावानं राखलेलं. तिथे कुणी जाळं टाकत नाही, बंदूक नेत नाही, म्हणून थंडीत पक्ष्यांची दाटी होते. होडी मात्र भरतीलाच आत जाते.

पाणी, टोप्या, दुर्बीण, डबा, सगळं मी तपासून घेतलं होतं. धक्क्यावर होडीवाल्यानं नुसता वास घेतला.

"वहिनी, डब्यात काय?"

"तळलेले बांगडे."

"देवाच्या पाण्यात मासे? मग माझी होडी नाय."

डबा मागे ठेवावा, तर मांजरं टपलेली. सासूबाईंनी विचारलं, "खाऊन आलो तर चालेल?"

"पोटातलं देव विचारीत नाय."

सकाळी नऊला आम्ही धक्क्यावरच पंगत मांडली. होडीवाल्यालाही दोन वाढले. हात धुऊन निघेपर्यंत ओहोटी लागली आणि तळ्याच्या तोंडाशीच होडी वाळूला टेकली. दूरवर पांढऱ्या पक्ष्यांची रेघ तेवढी दिसली.

मी ओशाळले. आत्याबाई हसत म्हणाल्या, "अगो, असा ताजा बांगडा कोल्हापुरात कुठला? तळं बघू पुढच्या खेपेला."

त्यानंतर त्या दोनदा आल्या, दोन्ही वेळा भर पावसाळ्यात, होड्या बंद असताना. त्यांना तळं दाखवायचं अजून राहिलंय.