रुमालातली साखर

मधुमेह झाल्याचे कळले तेव्हा मी चाळिशीत होतो. देवावर माझा विश्वास होता की नुसती सवय, हे मलाच सांगता आले नसते. रोज सकाळी स्पिरिटच्या दिव्यावर, काचनळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब उकळायचे आणि रंग पाहायचा. विटकरी झाला तर साखर फार, निळाच राहिला तर नाही. मग इन्सुलिनची सुई. डॉक्टरांनी बजावले होते, सुई घेतल्यावर खाल्ल्याशिवाय चालायला जायचे नाही आणि खिशात साखर ठेवायची. साखरेच्या रोग्याने साखर बाळगायची, हे मला काही पटले नव्हते.

श्रावणातल्या एका सोमवारी मी सोलापुरातली सिद्धेश्वराची अडुसष्ट लिंगे पायी करायला निघालो, नुसत्या पाण्यावर. रोग जावा, एवढेच मागणे होते. नळी निळी राहिली तेव्हा वाटले, सिद्धेश्वराने होकार दिला. नेहमीप्रमाणे सुई टोचून घेतली आणि उपाशीपोटी चालू लागलो. वाटेत काही देवळांत चिमूट चिमूट साखर हातावर पडली. प्रसाद टाकवेना आणि खायचे भय, म्हणून रुमालात बांधत गेलो.

दहाच्या सुमारास विणकरांच्या वस्तीत पाय लटपटू लागले. दरदरून घाम फुटला. पुढचे लिंग कुठल्या बोळात, तेच आठवेना. मी एका उंबऱ्यावर बसलो. तिथे एक तेलुगू बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले.

“अण्णा, सुई घेता का तुमी? आमच्या मालकास्नी बी असाच घाम येतो. कायतरी गोड हाय का जवळ?”

मी रुमालाकडे बोट केले. “पण उपास आहे.”

“देवळातलीच हाय न्हवं? मग खावा की!”

त्यांनी स्वतःच गाठ सोडली आणि साखर माझ्या हातावर ओतली. तिला भस्म लागले होते, बेलाचा चुरा होता. मी ती खाल्ली. थोड्या वेळाने बोळ पुन्हा जागच्या जागी दिसू लागला. मग त्यांनी भाकरी दिली आणि ती संपेपर्यंत मला उठू दिले नाही. मला रडू आले, ते लपवायचेही सुचले नाही.

हे ऐकून डॉक्टर चिडले. नळी निळी म्हणजे लघवीत साखर नाही, रक्तातली किती खाली गेली ते नळीला कळत नाही, असे म्हणाले. ती बाई कोणी पाठवली, या वादात मी पडत नाही. मला एवढेच दिसते की वाचवणारी वस्तू देव सकाळपासून हातावर ठेवत होता आणि मी ती गाठ मारून ठेवत होतो. शरण जायचे म्हणजे दिलेले घ्यायचेही असते, हे मला उशिरा कळले. रोग काही गेला नाही.

पुढच्या सोमवारी न्याहारी करून उरलेली लिंगे करायला गेलो. त्या उंबऱ्यावर त्याच बाई होत्या. विडी वळता वळता त्यांनी विचारले, “अण्णा, जेवलाव का?”

मी हो म्हणालो, आणि खिशातून रुमाल काढून त्यांना गाठ दाखवली.