प्रतिमाच्या कपाळावरचा डाग

अमेरिकेत पार्सिपनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये १९८६ साली मराठी घरं दोनच, आमचं आणि समोरचं शरयूचं. शरयूची मुलगी प्रतिमा चौदा वर्षांची. शाळेत तिला एकच मैत्रीण, लोरी. ती भेटेपर्यंत प्रतिमा लंच एकटीच खायची, लायब्ररीच्या पायरीवर बसून. हे तिने मला सांगितलं. आईला सांगायची सोय नव्हती, कारण शरयूच्या मते शाळेत अभ्यासाला जातात, गप्पा मारायला नाही.

मोकळं कपाळही शरयूला चालायचं नाही. भारतातून येणारा प्रत्येक जण तिच्यासाठी चिकटवायच्या टिकल्यांची पाकिटं आणायचा. प्रतिमा घरातून टिकली लावून निघायची, बस यायच्या आधी ती डब्याच्या झाकणाला चिकटवायची आणि परत येताना पुन्हा कपाळावर. सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर.

मार्चमध्ये तिच्या भुवयांच्या मध्ये लाल चट्टा उठला, खाज सुटली. नेमकी त्याच सुमारास लोरीने तिला पावडरची डबी दिली होती. झालं, शरयूला चोर सापडला.

"हा सगळा त्या लोरीच्या मेकअपचा प्रताप," ती मला म्हणाली. "फेकून दिली मी पावडर. आणि तिचा फोन आला की सांगते, प्रतिमा घरी नाही."

प्रतिमा तिथेच सोफ्यावर बसली होती. "बट आय वॉज होम, आई," ती हळूच म्हणाली.

डाग चारचौघांत दिसू नये म्हणून शरयू त्यावर आणखी मोठी टिकली लावायला लागली. चट्टा पसरला. मला संताप यायचा. एकदा बोलले, तर म्हणाली, "वसुधा, तुला मुलगी नाही." मग मी तोंड बंद ठेवलं. हळूहळू लोरीचे फोनही बंद झाले.

शेवटी आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. पुरावा हवा म्हणून शरयूने तीच पावडर नवी विकत घेतली होती. डॉक्टरांनी कपाळाला लागणारी प्रत्येक वस्तू मागितली, म्हणून पर्समधल्या टिकल्याही निघाल्या. सगळ्याचे नमुने त्यांनी प्रतिमाच्या पाठीवर पट्टीने चिकटवले. पुन्हा गेलो तेव्हा पावडरखालची कातडी स्वच्छ होती. टिकलीच्या गोंदाखाली मात्र लालभडक झालं होतं.

घरी आल्यावर शरयूने ती डबी प्रतिमापुढे धरली.

"लोरीला फोन कर ना."

"शी सिट्स विथ अदर गर्ल्स नाउ," प्रतिमा म्हणाली. डबी तिने घेतली, पण उघडली नाही.

टिकल्या बंद झाल्या. चट्टा गेला, तिथे पांढरट डाग राहिला. त्यानंतर फोन वाजला की शरयू हातातलं काम टाकून धावायची आणि हॅलो म्हणायच्या आधीच सांगायची, "येस, प्रतिमा इज होम." पलीकडे बहुतेक वेळा तिचा नवरा राजीव असायचा, ऑफिसातून उशीर होईल म्हणून सांगायला. प्रतिमा पुस्तकातून मान वर करायची नाही.