मरण पाहायला अकोल्याला

"मरण पाहाले कोनी अकोल्याले जाते का वं?" मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या मोठ्या काकांनी, बसस्टँडवरच तोंड वाकडं केलं. तिकीट तरी कुठे काढायचं होतं त्यांना! पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट. बायकांना अर्धं, ते मी काढलं.

त्यांची लेक सीमा छापचित्रं करते. मोठीआई, म्हणजे तिची आई, गेल्यापासून नुसती काळीकुट्ट, मरणाची. "असलं अभद्र मी पाहात नसतो," म्हणून त्यांनी एकही पाहिलं नव्हतं. या वेळी अकोल्यात तिचं प्रदर्शन लागलं, तेव्हा सीमानं मला बजावलं, "बाबा आता आले नाहीत, तर मी पुन्हा बोलावणार नाही." दोघंही सारखेच हट्टी, मधल्यामध्ये माझं मरण.

अमरावतीहून अकोला दोन-अडीच तास. निघण्याआधी आमच्याकडचा दह्यातला गिला वडा खाऊन घ्या, वाटेत चिडचिड होत नाही. मोठेबाबांची तरीही झाली.

हॉलच्या एका भिंतीवर शंभरेक वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या प्रतीकवादी चित्रकारांच्या छापांच्या प्रती होत्या. सांगाडे, मरण म्हणून काढलेल्या, काळं पांघरलेल्या बाया, अंधारातून रोखलेले डोळे.

"यायले कोनी जेवाले देत नव्हतं का?" सांगाड्यांकडे बघत मोठेबाबा.

समोर सीमाची चित्रं. ती तांब्याचा पत्रा खरबरीत करते, म्हणजे छाप पूर्ण काळा येतो. मग उजेड हवा तेवढाच भाग घासून गुळगुळीत करते. ही चित्रं घाईनं पाहू नका, डोळे सरावावे लागतात.

मोठेबाबा एकापुढे थबकले. बाजेवर मोठीआई, उशाशी बसलेली काळी आकृती.

"तिथं मी बसलो व्हतो," त्यांचा आवाज चढला. "रातभर. माया जागी या मरनाच्या बाईले काहून बसवलं?"

सगळा हॉल वळला.

"बाबा, चष्मा लावा," सीमा म्हणाली. "ते मागं उभी हाय. बसलेले तं तुमीच."

चष्मा खिशातच होता, मिरवायला! लावला. हळूहळू काळ्यातून टोपी दिसली, मग मोठीआईच्या कपाळावरचा हात. मोठेबाबा नाक ओढून म्हणाले, "मले येवढं काळं काढलं?"

सीमा हसता हसता रडली. मीही, उगाच कशाला लपवू?

अमरावतीला घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी त्यांनी सीमाला फोन लावला.

"पोचलो. अन् आयक, ते बाई केव्हाची उभी हाय. घरी आलेल्या मानसाले असं ठेवतेत का? तिले बसाले काईतरी दे."